राजदूताचा भाऊ आणि लंडनचा संताप (१६५३-५४)

लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर सतराव्या शतकात ‘न्यू एक्स्चेंज’ नावाची एक देखणी इमारत होती. १६०९ साली राजा पहिला जेम्स याच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले होते. हातमोजे, फिती, अत्तरे, रेशमी वस्त्रे विकणाऱ्या छोट्या दुकानांच्या रांगा, आणि संध्याकाळी खरेदीपेक्षा मिरवायलाच येणारी प्रतिष्ठित मंडळी. २२ नोव्हेंबर १६५३ च्या संध्याकाळी याच दालनात पिस्तुले झाडली गेली आणि एक निरपराध तरुण मारला गेला. गोळीबार करणारे लोक पोर्तुगालच्या राजदूताच्या परिवारातले होते. त्यांचा म्होरक्या राजदूताचा सख्खा भाऊ होता.

या भावाचे नाव पांतालेआंव द सा. माल्टाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघटनेचा हा सरदार वयाने तरुण आणि स्वभावाने तापट होता. त्याचा थोरला भाऊ, पेनागियांवचा काउंट, १६५२ मध्ये अत्यंत नाजूक कामगिरीवर लंडनला आला होता.

ती कामगिरी समजून घेतल्याशिवाय पुढचे नाट्य उमगत नाही. पोर्तुगालने १६४० मध्ये स्पेनचे जोखड झुगारले होते, पण स्पेनशी युद्ध चालूच होते. इंग्लंडने १६४९ मध्ये आपल्या राजाचा शिरच्छेद करून प्रजासत्ताक स्थापले. मृत राजाचा भाचा प्रिन्स रूपर्ट आपले आरमार घेऊन लिस्बनच्या आश्रयाला गेला आणि पोर्तुगालचा राजा चौथा जुआंव याने त्याला थारा दिला. त्याची किंमत १६५० मध्ये मोजावी लागली. इंग्रज आरमारप्रमुख रॉबर्ट ब्लेक याने टॅगस नदीच्या मुखाशी नाकेबंदी केली आणि ब्राझीलहून साखर घेऊन येणाऱ्या ताफ्यातील अनेक जहाजे पळवली. स्पेन एका बाजूला, इंग्लंड दुसऱ्या बाजूला आणि ब्राझील व आशियात डच तिसऱ्या बाजूला, अशा कोंडीत सापडलेल्या पोर्तुगालला इंग्लंडशी तह करण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे राजदूत लंडनमध्ये आला तो जवळजवळ याचक म्हणून. त्याच्या भावाला मात्र याचकाची नम्रता ठाऊक नव्हती.

भांडणाची ठिणगी आदल्या संध्याकाळी, २१ नोव्हेंबरला पडली. पांतालेआंव आणि त्याचे सोबती न्यू एक्स्चेंजमध्ये फिरत असताना इंग्लंडच्या राजकारणाविषयी फ्रेंचमध्ये बोलत होते. जवळच उभ्या असलेल्या जेरार्ड नावाच्या एका इंग्रज तरुणाला फ्रेंच येत होते. त्याने मध्येच तोंड घालून त्यांचे म्हणणे खोडून काढले. शब्दाने शब्द वाढला, धक्काबुक्की झाली, तलवारी निघाल्या आणि जेरार्ड जखमी झाला. अ‍ॅन्स्ट्रदर नावाच्या दुसऱ्या इंग्रजाने मध्ये पडून त्याला सोडवले, तेव्हा पोर्तुगीज मंडळींना माघार घ्यावी लागली.

एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर इतिहासाने त्याची दखलही घेतली नसती. त्या काळी लंडनमध्ये अशा चकमकी नित्याच्या होत्या. परंतु दुसऱ्या दिवशी पांतालेआंव तयारीनिशी परत आला. त्याच्याबरोबर तलवारी आणि पिस्तुले घेतलेली माणसांची टोळी होती, काहींनी अंगात चिलखते घातली होती आणि दारूगोळाही सोबत आणला होता. रागाच्या भरात उपसलेली तलवार वेगळी आणि रात्रभर विचार करून आखलेला सूड वेगळा. पुढे न्यायालयात आरोपीला सर्वाधिक भोवला तो हाच फरक.

जेरार्ड आणि अ‍ॅन्स्ट्रदर दोघेही त्या संध्याकाळी तिथे नव्हते. ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेतील ग्रीनवे नावाचा एक तरुण मात्र तिथे होता. समकालीन वृत्तांतांनुसार तो आपली बहीण आणि वाग्दत्त वधू यांच्यासोबत फिरायला आला होता. टोळीने त्यालाच अ‍ॅन्स्ट्रदर समजून गोळी घातली. आणखी काही जण जखमी झाले. दुकानदारांनी धडाधड फळ्या लावल्या. हल्लेखोर पळाले आणि थेट राजदूताच्या निवासात शिरले.

बातमी शहरभर पसरायला वेळ लागला नाही. बघता बघता राजदूताच्या दाराशी जमाव गोळा झाला आणि खुनी आमच्या हवाली करा म्हणून ओरडू लागला. या संतापात दुःख होते, तसाच परकीयांविषयीचा आकस होता आणि कॅथलिक पंथाविषयीचा जुना द्वेषही होता. हे नाकारण्यात अर्थ नाही. ग्रीनवेचा मारेकरी एखादा प्रॉटेस्टंट इंग्रज सरदारपुत्र असता, तर इतके लोक रस्त्यावर आले असते का, हा प्रश्न रास्त आहे. तरीही, विनाकारण मारल्या गेलेल्या माणसासाठी न्याय मागणे ही त्या जमावाची मूळ मागणी अन्याय्य ठरत नाही.

घोडदळाची तुकडी आली. राजदूताने आपल्या निवासाच्या अभेद्यतेचा दाखला दिला, पण सैनिक आरोपींना घेतल्याशिवाय हलणार नाहीत हे स्पष्ट होते. अखेर त्याने भावासह काही जणांना स्वाधीन केले. पांतालेआंवची रवानगी न्यूगेटच्या तुरुंगात झाली. तिथून निसटण्याचाही त्याने प्रयत्न केला, पण तो पुन्हा पकडला गेला.

आता खरा पेच उभा राहिला. राजदूताची व्यक्ती अवध्य असते हे तत्त्व तेव्हा नवे नव्हते. १५८४ मध्ये स्पेनचा राजदूत मेन्दोझा हा राणी एलिझाबेथविरुद्धच्या कटात गुंतल्याचे उघड झाले, तेव्हा राणीच्या सल्लागारांनी आल्बेरिको जेन्तिली या कायदेपंडिताचा सल्ला घेतला आणि मेन्दोझाला शिक्षा न करता केवळ देशाबाहेर घालवले. १६२५ मध्ये ह्यूगो ग्रोशियसने आपल्या ग्रंथात याहून पुढे जाऊन मांडले की, राजदूत जणू यजमान देशाच्या भूमीबाहेरच आहे असे मानावे. पण हे कवच राजदूतापुरते की त्याच्या परिवारालाही? आणि खुनासारख्या गुन्ह्यालाही ते लागू पडते का? याबाबत पंडितांत एकमत नव्हते.

इंग्लंडला या प्रश्नाची दुसरी बाजूही चांगली ठाऊक होती. मे १६४९ मध्ये हेग येथे इंग्लंडचा दूत डोरिस्लाउस याची, आणि पुढच्याच वर्षी माद्रिदमध्ये अँथनी अ‍ॅस्कम याची राजनिष्ठ निर्वासितांनी हत्या केली होती. म्हणजे राजदूतांच्या सुरक्षिततेसाठी परदेशी दरबारांकडे सर्वात मोठ्याने दाद मागणारे सरकारच आता एका राजदूताच्या भावाला फासावर चढवण्याच्या विचारात होते.

दरम्यान १६ डिसेंबर १६५३ रोजी ऑलिव्हर क्रॉमवेल ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. तलवारीच्या बळावर सत्तेत आलेल्या या माणसाला, आपल्या राज्यात कायदा सर्वांना सारखाच आहे हे दाखवण्याची विलक्षण निकड होती. राजदूताने केलेल्या विनवण्यांना त्याने दाद दिली नाही. मात्र आरोपीला थेट वधस्तंभावर न पाठवता विशेष न्यायमंडळ नेमले. त्यात सरन्यायाधीश रोल यांच्यासोबत ऑक्सफर्डचे रोमन कायद्याचे प्राध्यापक रिचर्ड झूश हेही होते. ज्यूरीत अर्धे इंग्रज आणि अर्धे परदेशी होते. परदेशी आरोपीसाठी अशी मिश्र ज्यूरी नेमण्याची प्रथा इंग्लंडमध्ये जुनीच होती.

जुलै १६५४ च्या प्रारंभी वेस्टमिन्स्टर येथे सुनावणी झाली. पांतालेआंवने सांगितले की, भाऊ परतल्यावर राजदूतपद आपल्याकडे येणार असल्याचे राजाचे पत्र आपल्यापाशी आहे, म्हणून या न्यायालयाला आपल्यावर अधिकार नाही. न्यायमंडळाने उत्तर दिले की, भविष्यात मिळणारे पद म्हणजे आज हाती असलेले पद नव्हे. मग त्याने आरोप मान्य की अमान्य हे सांगायलाच नकार दिला. अशा मौनावर इंग्रजी कायद्याचा उपाय भयंकर होता : छातीवर वजन ठेवत जाऊन आरोपीला चिरडणे. त्याची जाणीव करून दिल्यावर तो बोलला. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. फाशीची शिक्षा सरदाराच्या दर्जाला अनुसरून शिरच्छेदात बदलण्यात आली.

१० जुलै १६५४. (इंग्लंडमध्ये तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालत असे, उर्वरित युरोपच्या बऱ्याच भागात ती तारीख २० जुलै होती.) त्या दिवशी टॉवर हिलवर दोन शिरच्छेद झाले. पहिला जॉन जेरार्ड याचा, क्रॉमवेलच्या हत्येचा कट रचल्याबद्दल. न्यू एक्स्चेंजमध्ये पांतालेआंवशी भांडणारा इंग्रज तो हाच, असे समकालीन लेखक सांगतात. त्याच्यामागोमाग, त्याच ठिकाणी पांतालेआंवचे शिर उतरले. योगायोगाची अशी जोडी कादंबरीकाराने रचली असती, तर वाचकांनी ती अतिरंजित म्हणून बाजूला सारली असती.

त्याच दिवशी टायबर्न येथे राजदूताच्या सेवेतील एका इंग्रज मुलालाही फाशी दिले गेले. इतर पोर्तुगीज आरोपी मात्र वाचले. कायदा सर्वांना सारखा असल्याचे दाखवण्याच्या या सोहळ्यात या पोराची आठवण फारशी कुणी ठेवत नाही.

आणि त्याच दिवशी पेनागियांवच्या काउंटने इंग्लंडबरोबरच्या तहावर सही केली आणि लंडन सोडले. भावाचे रक्त वाळण्यापूर्वी मारेकऱ्यांशी मैत्रीचा करार! पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता? कुटुंबाच्या अपमानासाठी तह मोडला असता, तर स्पेनविरुद्ध पोर्तुगाल एकाकी पडला असता. या तहाने इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगालमध्ये मोठ्या सवलती, स्वतःच्या घरात प्रॉटेस्टंट उपासनेची मोकळीक आणि पोर्तुगीज वसाहतींच्या व्यापारात शिरकाव दिला.

राजा जुआंवने तहाला मान्यता देण्यास दोन वर्षे टाळाटाळ केली. १६५६ मध्ये क्रॉमवेलने फिलिप मेडोज या आपल्या दूताला लिस्बनला धाडले. तिथे त्याच्यावर हल्ला झाला आणि त्याच्या हाताला जखम झाली. हल्ल्यामागचा हेतू काहीही असो, लंडनमध्ये पांतालेआंवचे नाव आठवले नसेल असे म्हणणे कठीण आहे. ब्लेकचे आरमार किनाऱ्याजवळ घोंगावू लागल्यावर राजाने मान्यता दिली आणि नुकसानभरपाईचे ५०,००० पौंडही दिले.

या घडामोडींचा एक पदर आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. मुंबई पोर्तुगीजांकडून मिळवावी, असा आग्रह सुरतेचे इंग्रज व्यापारी १६५२ पासूनच धरत होते. क्रॉमवेलच्या काळात ते साधले नाही. परंतु १६५४ ने घडवलेल्या विषम मैत्रीच्याच वाटेने पुढे १६६१ चा विवाह-तह आला, आणि कॅथरीन ऑफ ब्रगांझाच्या आंदणात मुंबई दुसऱ्या चार्ल्सला मिळाली.

खटल्यावरील वाद युरोपभर चालू राहिला. न्यायमंडळातील झूश यांनी १६५७ मध्ये, गुन्हा करणाऱ्या दूताचा न्याय कोणी करावा याच विषयावर लॅटिनमध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. पण काळाचा कौल त्यांच्या विरुद्ध दिशेने गेला. जुलै १७०८ मध्ये लंडनमध्येच रशियाचा राजदूत मात्वेयेव याला सुमारे ५० पौंडांच्या कर्जापायी सावकारांच्या माणसांनी घोडागाडीतून ओढून काढले, तेव्हा पीटर झारने गुन्हेगारांच्या देहान्ताची मागणी केली. राणी अ‍ॅनच्या सरकारला शिक्षेसाठी आधार असलेला कायदाच सापडेना. अखेर संसदेने नवा कायदा केला, आणि राजदूत व त्याचे नोकर यांच्यावरील दिवाणी कारवाया रद्दबातल ठरवल्या. १७१० मध्ये इंग्लंडच्या दूताने मॉस्कोत भर दरबारात झारची क्षमा मागितली.

१९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजनैतिक अधिकाऱ्याला यजमान देशाच्या फौजदारी अधिकारक्षेत्रातून पूर्ण सूट दिली; ती काढून घेण्याचा हक्क केवळ त्याला पाठवणाऱ्या देशाकडे ठेवला. भारताने १९७२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. अधिकाऱ्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनाही हे संरक्षण मिळते. मात्र ‘कुटुंबीय’ म्हणजे नेमके कोण, याची व्याख्या करारात दिलेली नाही. एकत्र राहणारा प्रौढ भाऊ त्यात बसतो की नाही, हे आजही देशोदेशीच्या रिवाजावर अवलंबून आहे.