ड्रेसाज आणि इव्हेंटिंग : घोडा घडतो कसा?

घोडेस्वारी म्हटली, की आपल्याला आठवतात त्या महालक्ष्मीच्या शर्यती, नाहीतर माथेरानचे घोडे. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुदिप्ती हजेला, दिव्याकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा हा शब्द अनेकांच्या कानावर प्रथमच पडला. त्याआधीचे आशियाई स्पर्धेतील आपले अश्वारोहणाचे सुवर्ण १९८२ च्या दिल्लीतील होते.

दोन कसोट्या

शिक्षण देणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून ‘ड्रेसाज’ हा शब्द आला. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद रिंगणात घोड्याकडून ठरावीक हालचाली करवून घ्यायच्या आणि पंचांनी प्रत्येक हालचालीस ० ते १० गुण द्यायचे, असे तिचे स्वरूप. इव्हेंटिंगमध्ये त्याच घोड्याने व त्याच स्वाराने ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जम्पिंग अशा तिन्ही परीक्षा द्यावयाच्या असतात. ड्रेसाजमध्ये ७० टक्के मिळाले तर ३० दंडगुण. क्रॉस-कंट्रीत अडथळ्यापुढे घोडा प्रथम अडला तर २०. शो जम्पिंगमध्ये पाडलेल्या प्रत्येक दांडीला ४. ज्याचे दंडगुण कमी, तो विजेता.

सहा पायऱ्या

जर्मन परंपरेने प्रशिक्षणाच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत : लय, सैलपणा, लगामाचा संपर्क, जोम, सरळपणा आणि एकवटलेपणा. चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन आणि कॅन्टर तीन ठोक्यांची असते. हे ठोके वळणावरही समान राहिले पाहिजेत. लय बिघडली, की समजावे, घोडा घाबरला आहे, थकला आहे किंवा त्याला काही दुखते आहे. अशा वेळी पुढची पायरी चढण्याचा हट्ट धरू नये. घोड्याने मागचे पाय शरीराखाली घेऊन भार पेलणे म्हणजे एकवटलेपणा. तो यायला वर्षे लागतात. लगाम खेचून मान वाकविली म्हणजे तो साधला, हा गैरसमज होय. त्याने पाठ ताठरते आणि पावले आखूड होतात.

पक्की मांड, हलका हात

मराठीत ‘पक्की मांड’ म्हणतात ती सगळ्याचा पाया. ज्याची मांड डळमळते, तो तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळतो आणि कडियाळ्याचा सारा दाब घोड्याच्या जिभेवर व जबड्यावर पडतो. म्हणून नवशिक्याला लांब दोरावर गोलात फिरणाऱ्या घोड्यावर, रिकिबीविना बसवून तोल शिकवितात. इशारा आधी शरीराच्या भाराने, मग पायाने आणि शेवटी हाताने द्यावा. घोड्याने प्रतिसाद देताच दाब तत्क्षणी सोडावा. दाब सुटणे हीच त्याची शाबासकी. नाकपट्टी आवळून तोंड मिटविण्याने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. पट्टी व नाकाचे हाड यांत दोन बोटे सरकतील एवढी जागा असावी.

मैदानावरची परीक्षा

क्रॉस-कंट्रीत सर्वोच्च पातळीवर मिनिटाला ५७० मीटर वेगाने, न पडणारे अडथळे पार करावयाचे असतात. तेथे रिंगणातले शिक्षण शोभेचे उरत नाही. वेग कमी कर म्हटल्यावर घोडा थांबला नाही, तर तो चुकीच्या अंतरावरून उडी घेतो. पुढचे पाय अडथळ्यात अडकून घोडा स्वारावर उलटणे हा या खेळातील सर्वांत जीवघेणा अपघात. तो टाळण्यासाठी काही अडथळ्यांना आघाताने सुटणाऱ्या खिळी बसविल्या जातात. पण खरी सुरक्षितता असते ती घोड्याच्या तोलात आणि स्वाराच्या निर्णयात.

दमसास वाढविताना घाई नको. फुफ्फुसे व स्नायू लवकर तयार होतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश बळकट होतात. घोडा ताजातवाना दिसतो म्हणून कष्ट वाढविले, तर हीच कंडरा दुखावते आणि पुढचे अनेक महिने तो पागेत उभा राहतो. रोज पायांवरून हात फिरवून ऊब वा सूज तपासण्याची मोतद्दाराची जुनी सवय म्हणूनच मोलाची.

आपल्या हवामानात उष्म्याचाही विचार हवा. तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतू नये, ही समजूत १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीसाठी झालेल्या संशोधनाने मागे पडली. दौडीनंतर सर्वांगावर भरपूर थंड पाणी ओतत राहावे, सावलीत फिरवावे आणि पिण्यास पाणी द्यावे.

घोडा तक्रार बोलून दाखवीत नाही. तो कान मागे टाकतो, शेपूट झटकतो, अडथळ्यापुढे अडतो. या खुणांना खोडी समजून चाबूक उगारण्यापूर्वी पाठ, दात, नाल आणि खोगीर तपासून घ्यावे. खोडी वाटणारी गोष्ट पुष्कळदा वेदनाच असते.