एका कुळाचे इंजिन, दोन वाटा : टिगोर जेटीपी आणि रेसमो

१/ मार्च २०१७. जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटा मोटर्सने ‘रेसमो’ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार सादर केली. त्याच महिन्याच्या अखेरीस भारतात ‘टिगोर’ ही कौटुंबिक सेडान विक्रीस आली. पुढच्याच वर्षी त्या सेडानलाही वेगवान अवतार लाभला. ट्रॅकच्या कसोटीवर या दोघींची तुलना उद्बोधक ठरते.

२/ थोडी पार्श्वभूमी. टेल्कोने १९६६ मध्ये पुण्यात अभियांत्रिकी संशोधन केंद्र उभारले. १९९८ ची इंडिका तेथेच घडली. मालवाहू ट्रक आणि कुटुंबाची मोटार हाच या परंपरेचा पिंड. शुद्ध वेगासाठी गाडी बांधणे हे तिच्यासाठी नवे धाडस होते.

३/ दोन्ही गाड्यांत १.२ लिटरचे, तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन होते. भारतात या आकाराला करधोरणाचा इतिहास आहे. २००६ च्या अर्थसंकल्पाने ४ मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. तेव्हापासून कारखान्यांचे आराखडे या मर्यादेत बसू लागले.

४/ टिगोर जेटीपी ऑक्टोबर २०१८ मध्ये आली. कोइम्बतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हज या मोटार-शर्यतींत मुरलेल्या संस्थेशी भागीदारी करून ती घडवण्यात आली. मूळ टिगोरची ८५ पीएस शक्ती ११४ पीएसवर गेली. गिअरचे गुणोत्तर बदलले, सस्पेन्शन कडक झाले, टायर रुंद झाले. ताशी १०० किमी वेग गाठण्यास दहा सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागे.

५/ रेसमोचे आकडे निराळे : १९० पीएस, २१० न्यूटन-मीटर आणि ताशी १०० किमीसाठी सहा सेकंदांहून कमी वेळ, असा कंपनीचा दावा होता.

६/ मात्र खरा फरक शक्तीपेक्षा मांडणीत होता. सेडानचे इंजिन पुढे आणि तेच पुढचे चाकही ओढणारे. वळणावर त्याच टायरांना दिशा आणि ओढ दोन्ही सांभाळावी लागते. वेग वाढला की नाक वळणाबाहेर सरकते. सस्पेन्शन कडक करून हा दोष कमी होतो, नाहीसा होत नाही. रेसमोचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या आसाच्या पुढे. वजन मधोमध एकवटते, मागची चाके ढकलतात, पुढची केवळ वळतात. ट्रॅकवर तिचे पारडे निःसंशय जड.

७/ परंतु इतिहासाने निकाल वेगळा दिला. रेसमो ग्राहकापर्यंत पोहोचलीच नाही. तिचा सांगाडा, तिची मांडणी, सारेच स्वतंत्र. तो खर्च थोड्या गाड्यांवर वाटणे परवडणारे नव्हते. जेटीपीने दरवाजे, काचा, डॅशबोर्ड हजारोंच्या संख्येने बनणाऱ्या टिगोरकडून उसने घेतले. म्हणूनच ती ७.४९ लाखांत (दिल्ली, एक्स-शोरूम) मिळू शकली.

८/ तिचेही आयुष्य अल्पच ठरले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि जेटीपी गाड्या बंद झाल्या. तरीही काही टिगोर जेटीपी आज रस्त्यांवर धावतात आणि त्यांचे मालक त्या जपतात. रेसमो ज्यांना चालवायची होती, त्यांच्या वाट्याला ती फोर्झा होरायझन ३ या व्हिडिओ गेमपुरतीच आली.