कमळाइसेने दागिने दिले नाहीत

जुगारात मोठी रक्कम हरलेला नवरा घरी आला आणि देणे फेडायला बायकोकडे तिच्या अंगावरचे दागिने मागू लागला. बायको नाही म्हणाली. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथात, म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त, हा प्रसंग येतो. नवऱ्याचे नाव हरपाळदेव, बायकोचे कमळाइसा, गाव गुजरातेतले भडोच आणि काळ तेरावे शतक. हाच हरपाळदेव पुढे महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी झाला.

हरपाळदेव प्रधान विशाळदेवाचा मुलगा. घरात कशाची वाण नव्हती, तरी द्यूताचा नाद सुटत नव्हता. कमळाइसेच्या नकाराने त्याचे मन संसारावरून उडाले. रामटेकच्या यात्रेचे निमित्त काढून तो निघाला आणि वऱ्हाडातल्या ऋद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी पोचला. तिथेच त्याला चक्रधर हे नाव मिळाले. संसार मात्र लगेच सुटला नाही. भटकंतीत एका घोड्यांच्या व्यापाऱ्याबरोबर ते ओरंगलला, म्हणजे आजच्या वारंगळला गेले. तिथे हंसांबेशी त्यांचा विवाह झाला आणि तेही घर त्यांनी पुढे सोडले.

स्वामींच्या मागे शिष्यांच्या आठवणी गोळा करून, पडताळून म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास ग्रंथ सिद्ध केला. ज्याला ईश्वराचा अवतार मानायचे त्याच्या चरित्रातून जुगाराचे देणे आणि नवरा-बायकोतला बेबनाव त्यांना सहज गाळता आला असता. त्यांनी तो ठेवला.

तरी सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत हे पोचायला सहा शतके लागली. पंथाच्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत होत्या आणि मठांबाहेर त्या कुणाला वाचता येत नसत. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सकळ लिपीचा उलगडा केला. पुढच्या कामाचा मोठा वाटा यवतमाळकडे जातो. इथले डॉ. य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या पोथ्यांचा ध्यास घेतला, यवतमाळात शारदाश्रम ही संशोधनसंस्था उभी केली आणि १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. या वाङ्मयाचा विस्तार केवढा आहे, याची कल्पना अनेक अभ्यासकांना त्या पुस्तकाने आली. नंतर ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्र’ छापायला घेतले आणि १९७८ मध्ये डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती निघाली. भडोचच्या त्या घरातले भांडण आज कुणालाही वाचता येते ते या माणसांमुळे.

कमळाइसेच्या नकारामागे हट्ट असेल, राग असेल. शास्त्र मात्र तिच्याच बाजूचे होते. याज्ञवल्क्यस्मृतीप्रमाणे नवऱ्याने दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा कैदेत अडकला असताना बायकोचे स्त्रीधन वापरले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. या चार कारणांत जुगार बसत नाही. उलट दारू, कामवासना आणि जुगार यांपायी बापाने केलेले कर्ज मुलाने फेडू नये, असे तीच स्मृती बजावते. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी ‘मिताक्षरा’ टीका लिहिली, ती कमळाइसेच्या आधी शंभरेक वर्षे. जुगाराचे कर्ज घरच्यांच्या गळ्यात पडू नये, हा विचार तेव्हाही जुनाच होता.

वऱ्हाडाच्या मातीत याहून जुनी एक कथा आहे. यवतमाळ जिल्ह्याची कड धरून वाहणाऱ्या वर्धा नदीच्या वरच्या अंगाला, अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपूर आहे. परंपरेने हेच विदर्भराजाचे कुंडिनपूर, म्हणजे दमयंतीचे माहेर. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी नळ-दमयंतीची कथा सांगतात ती युधिष्ठिराला, म्हणजे बायकोलाच पणाला लावून बसलेल्या जुगाऱ्याला.

या कथेतली दमयंती नुसती रडत बसत नाही. नळ आपला भाऊ पुष्कर याच्यापुढे डावामागून डाव हरतो आहे आणि कुणाचे ऐकत नाही, हे दिसताच ती सारथी वार्ष्णेयाला बोलावते आणि दोन्ही मुलांना रथात घालून कुंडिनपूरला धाडते. राज्य गेल्यावर पुष्कर दमयंतीलाच पणाला लावायला सुचवतो. नळ त्या डावात तसे करत नाही, पण पुढे रानात तिला झोपेत टाकून निघून जातो.

माहेरी परतलेली दमयंती नवऱ्याला शोधते तीही डोके चालवून. आपले दुसरे स्वयंवर उद्या सूर्योदयाला आहे, असा निरोप ती एकट्या ऋतुपर्ण राजाला अयोध्येत पाठवते. एका दिवसात एवढे अंतर रथ हाकणारा नळच असणार, हे तिला ठाऊक असते. बाहुक नावाने वावरणारा सारथी येतो, तेव्हा दासी केशिनीकडून ती त्याची परीक्षा घेते, त्याने रांधलेले चाखून बघते, मुलांना त्याच्यासमोर पाठवते. जुने प्रेम शिल्लक आहे की नाही, याची ती पुरती खात्री करून घेते. अयोध्येहून येतानाच वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पाने-फळे क्षणात मोजून दाखवतो आणि नळाला फाशांची विद्या देतो. प्राचीन काळी फाशांसाठी बेहड्याचीच फळे वापरत. नळाच्या अंगात शिरून त्याला जुगाराच्या नादी लावणारा कलीही बाहेर पडून त्याच झाडात शिरतो.

आधुनिक यवतमाळात जुगाराची नाळ कापसाशी जुळते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ नंतर वऱ्हाडी कापसाला भाव आला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज रेल्वे कापसाच्या गाठी मुंबईच्या वाटेला लावू लागली. त्याच मुंबईत न्यू यॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर पैजा लागत. हा आकड्याचा जुगार. न्यू यॉर्कहून येणारे आकडे बंद झाले, तेव्हा खेळ थांबला नाही. मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरू लागले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी वरळीचा मटका नावारूपाला आणला. कापूस बाजूला पडला, तरी ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे बाजारातले शब्द मटक्यात टिकले.

पोलिसांच्या कारवाया आजही १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली होतात. हा कायदा अड्डा चालवणारा, चिठ्ठी घेणारा आणि खेळणारा यांच्याकडे बघतो. घरातल्या कपाटातून गेलेल्या सोन्याबद्दल त्यात काही नाही. तो प्रश्न वेगळ्या वाटेने सुटत गेला. स्त्रीधनावर पूर्ण मालकी बायकोची आहे, नवरा फार तर त्याचा विश्वस्त, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ठरवले. २०२४ च्या एप्रिलमध्ये केरळच्या एका प्रकरणात न्यायालय पुन्हा तेच म्हणाले: अडचणीत नवरा ते वापरू शकतो, पण परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. त्या खटल्यातल्या पत्नीला तिच्या सोन्यापोटी २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला.