उंदरांचे अश्राव्य आर्जव

घरात रात्री ऐकू येणारी चिकचिक पुष्कळदा चिचुंद्रीची असते, आणि चिचुंद्री ही कृंतक, म्हणजे आयुष्यभर वाढत राहणाऱ्या पटाशीच्या दातांनी कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी नव्हे. खऱ्या घरउंदराचे प्रणयकाळातील बोलणे माणसाच्या कानापर्यंत पोहोचतच नाही, कारण माणसाची श्रवणमर्यादा सुमारे 20 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला वीस हजार कंपने, इतकी असते, तर मादीभोवती घुटमळणाऱ्या नराचे ध्वनी बहुतांशी 30 ते 110 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. अशा ध्वनींना श्राव्यातीत म्हणतात. त्यामुळे उंदरांच्या प्रियाराधनाविषयी काय माहीत आहे, हे त्या त्या काळी ऐकण्यासाठी कोणते साधन हाताशी होते यावरच ठरत आले आहे.

साधने नव्हती तेव्हा अपवादाने कानी पडणाऱ्या आवाजांवरच भिस्त होती. चार्ल्स डार्विनने 'द डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथाच्या सुधारित आवृत्तीत लॉकवुड नावाच्या अमेरिकी धर्मोपदेशकाने 1871 साली वर्णिलेल्या एका गाणाऱ्या उंदराची दखल घेतली. नराने गावे किंवा मिरवावे आणि मादीने निवडावे, या लैंगिक निवडीच्या तत्त्वाची मांडणी ज्या ग्रंथात झाली, त्यातच आलेला हा उंदीर मात्र मादी होता. पुढे शतकभर ही गोष्ट कोणाला फारशी खटकल्याचे दिसत नाही.

माणसाला ऐकू न येणारा आवाज निर्माण करणारी शिटी फ्रान्सिस गाल्टनने एकोणिसाव्या शतकातच तयार केली होती, पण तसा आवाज टिपणे ही वेगळी गोष्ट होती. हार्वर्डमधील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज पिअर्स यांच्या उपकरणाच्या साहाय्याने पिअर्स आणि डोनाल्ड ग्रिफिन यांनी 1938 साली वटवाघळांचे श्राव्यातीत ध्वनी नोंदवले आणि ती वाट खुली झाली. 1954 साली प्रयोगशाळेतील मोठ्या उंदरांचे (इंग्रजीत 'रॅट'), तर 1956 साली संशोधक झिपेलियस आणि श्लाइट यांच्या लेखातून घरउंदराच्या पिल्लांचे असे ध्वनी प्रकाशात आले. पिल्लांची हाक आईसाठी होती. प्रणयाकडे लक्ष वळले ते त्यानंतर, गिलियन सेवेल (पुढे सेल्स) यांच्या 1960 आणि 1970च्या दशकांतील कामामुळे.

त्या काळातील शोधक यंत्र वटवाघळांसाठी बनवलेले असे. ते एका वेळी वारंवारतेचा एक अरुंद पट्टा पकडून त्याचे रूपांतर माणसाला ऐकू येईल अशा खरखरीत करी, त्यामुळे उंदीर 'बोलला' की 'गप्प राहिला' एवढेच कळे, बोलण्याची घडण कळत नसे. आवाज कोणाचा हेही यंत्र सांगत नसे. त्यावर अमेरिकेत ग्लेड व्हिटनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीतील एकाला भूल देण्याचा मार्ग काढला: मादी बेशुद्ध असताना जागा नर भरपूर आवाज काढी, पण उलट स्थितीत जवळपास शांतता असे, यावरून आवाज नराचा असा निष्कर्ष निघाला. तो चुकीचा नव्हता, पण बेशुद्ध नराला कोणती मादी उत्तर देणार, हा प्रश्न त्या प्रयोगाच्या रचनेतच हरवला होता.

मादीच्या निवडीवर या आवाजाचा परिणाम होतो का, याची परीक्षा 1983 साली झाली. स्वरयंत्राच्या नसा कापून मुके केलेले नर आणि बोलके नर यांच्यात माद्यांचा ओढा बोलक्यांकडे दिसला. त्याआधीच जॉन नायबी आणि इतरांनी दाखवले होते की मादीच्या मूत्राचा वासही नराला बोलते करण्यास पुरेसा असतो. मोठ्या उंदरांत तर समागमानंतरही नर 22 किलोहर्ट्झच्या आसपासचा दीर्घ स्वर काढतो, हे बारफील्ड आणि गायर यांनी 1972 साली नोंदवले. तेथे तो स्वर आमंत्रणाचा नसून विसाव्याच्या काळाशी निगडित असतो, म्हणून प्रत्येक श्राव्यातीत ध्वनीला 'गीत' म्हणणे सैलपणाचे ठरेल.

'गीत' हा शब्द रूढ झाला तो 2005 नंतर. सेंट लुईस येथील टिमोथी होली आणि झोंगशेंग गुओ यांनी संगणकावर ध्वनीचा पूर्ण पट्टा साठवून दाखवले की नराचे बोल वेगवेगळ्या प्रकारच्या ध्वनिखंडांचे, सेकंदाला सुमारे दहा या गतीने येणारे आणि पुनरावृत्त चरण असलेले असतात. पक्ष्यांशी तुलना ओघानेच आली, परंतु ती ताणली गेली. अनेक पक्षी गाणे शिकतात, तर जन्मतः बहिऱ्या उंदरांचे ध्वनीही सर्वसाधारण असल्याचे 2012 आणि 2013 सालच्या प्रयोगांत आढळले. ध्वनिमुद्रणे ऐकवण्याच्या प्रयोगांतही माद्या आवाजाकडे जात, पण 2009 सालच्या एका अभ्यासात त्यांचे कुतूहल लवकर ओसरलेले दिसले. याउलट मध्य अमेरिकेच्या डोंगराळ रानांत राहणाऱ्या, माणसालाही ऐकू येईल अशा लकेरी घेणाऱ्या गाणाऱ्या उंदरांत निवड अधिक स्पष्ट आहे: 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार माद्यांना वेगवान लकेरी अधिक भावतात, आणि ती गती नरातील संप्रेरकांवर अवलंबून असते.

घरउंदरांच्या बाबतीत जुना हिशेब 2015 साली फेरतपासणीला आला. जोशुआ न्यूनुबेल आणि सहकाऱ्यांनी अनेक मायक्रोफोन मांडून, आवाज प्रत्येकापर्यंत पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून तो नेमक्या कोणत्या उंदराचा हे शोधले, तेव्हा पाठलाग सुरू असताना माद्याही बोलतात, आणि नरासोबत वेग बदलत बोलतात, असे दिसून आले. एकत्र ठेवलेल्या जोड्यांच्या आधीच्या ज्या नोंदींत सगळे ध्वनी नराच्या नावावर जमा झाले होते, त्यांतले काही बोल मादीचे असणार, पण एकाच मायक्रोफोनच्या त्या नोंदींतून ते आता वेगळे काढता येत नाहीत.