महाभारताची चिकित्सित आवृत्ती आणि अमान्य पाठांचे मोल

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली आरंभिलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम् इत्यादी लिप्यांतील पोथ्यांचे पाठ परस्परांहून फार भिन्न होते. संपादकही एका प्रांताचे नव्हते : सभापर्व अमेरिकेच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी, तर उद्योगपर्व बंगालच्या सुशीलकुमार डे यांनी संपादिले. १९२५ साली प्रमुख संपादक झालेल्या डॉ. सुखठणकरांनी सर्वांस एकच शिस्त घालून दिली. तीनुसार अग्राह्य ठरलेला पाठही पृष्ठाच्या तळाशी नोंदविला गेला. म्हणूनच संपादकाचा निर्णय आजही कोणासही तपासता येतो. भिन्न मतांचे विद्वान एकत्र आणणे पुरेसे नसते. अमान्य झालेले मत जपले जाते, तेथेच सामूहिक संशोधन समर्थ होते.