हर हरला तो डाव

गेल्या दिवाळीत भाचा आमच्या घरी आला, तो कापडी पिशवीत सात फासे घेऊन. चार बाजूंचा, सहाचा, आठाचा, असं करत करत वीस बाजूंपर्यंत. अभियांत्रिकीला आहे, आणि दर रविवारी चार मित्र जमवून गारखेड्यात कुणाच्या तरी खोलीवर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. हा तिथला डंजन मास्टर. म्हणजे गोष्ट हा सांगणार, राक्षस हा उभे करणार, आणि बाकीचे आपापल्या योद्ध्यांनिशी त्यांच्याशी झुंजणार. फराळाच्या ताटावरच त्यानं मला विचारलं, "मामा, महादेवाला किती हिट पॉइंट द्यायचे?"

मी वेरूळला गाईड आहे. सव्वीस वर्षं झाली. कैलास लेण्याची उंची, रुंदी, किती दगड काढला, सगळं मला विचारतात, पण हा प्रश्न नवा होता. हिट पॉइंट म्हणजे अंगातली रग, वार झेलायची ताकद. प्रत्येक वाराला ती कमी होते, शून्यावर आली की पात्र मेलं. आमची आई स्वयंपाकघराच्या दारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे महादेव मरणार का रे?" भाचा गडबडला. आईच पुढे म्हणाली, "मरायला कशाला पाहिजे? हरला होता की एकदा. अंगावरची लंगोटीसुद्धा गेली होती."

पोरानं ते हसण्यावारी नेलं. मला मात्र आईनं नेमकं बोट ठेवलंय असं वाटलं, आणि पाडव्यानंतर मी त्याला गाडीवर मागे बसवून वेरूळला नेलं.

आधी त्याच्या खेळाची हकिगत सांगतो, कारण ती मी त्याच्याकडूनच शिकलो. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. दोनच वर्षांत खेळणाऱ्यांचे योद्धे इतके माजले, की त्यांना पुरे पडतील असे राक्षसच उरले नाहीत. मग १९७६ मध्ये रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी जगभरच्या देवांची एक पुस्तिका केली, ग्रीक, इजिप्शियन आणि आपलेही देव घालून. संपादकाचा हेतू असा, की देवांचे आकडे पाहून फुशारक्या मारणाऱ्यांची जिरावी. १९८० मध्ये त्याच दोघांनी मोठं पुस्तक काढलं. त्यात थोरले देव, धाकटे देव आणि अर्धदेव अशा पायऱ्या. सर्वांत वरच्या देवांना ४०० हिट पॉइंट. इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, सगळे आपापल्या आकड्यांसह हजर. २००२ च्या आवृत्तीत तर देवपणालाच शून्यापासून विसाच्या वरपर्यंत अंक लावले.

झालं भलतंच. आकडा दिसला, की माणसाला तो शून्यावर आणावासा वाटतो. जिरवण्यासाठी छापलेली यादी पोरांनी शिकारीची यादी म्हणून वाचली. भाच्याच्या मित्रांचंही तेच चाललं होतं. त्यांना महादेवाशी लढायचं होतं, आणि याला आकडा सापडत नव्हता.

वेरूळचा डोंगर पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणून बहुतेक लेण्यांत ऊन दुपारनंतर शिरतं. आम्ही साडेतीनच्या सुमारास १४ नंबरच्या लेण्यात पोचलो. याला 'रावण की खाई' म्हणतात. काळ सातव्या शतकाच्या आसपासचा. आत शिरलं, की डाव्या भिंतीवर विष्णूकडची मंडळी, गजलक्ष्मी, वराह वगैरे. उजव्या भिंतीवर शिवाकडची. उजवीकडचा दुसरा पट मी त्याला दाखवला. शंकर आणि पार्वती समोरासमोर बसलेत, मध्ये डाव मांडलाय. शंकराच्या मागे गणपती, पार्वतीच्या मागे तिच्या सख्या, आणि दोघांच्या मध्ये, मागच्या बाजूला, भृंगी डोकावून खेळ बघतोय. नाक्यावरच्या कॅरम बोर्डाभोवती जसे रिकामटेकडे उभे असतात, अगदी तसा.

जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी १८८० मध्ये भारतातल्या लेण्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या पटाची नोंद आहे. खेळाला त्यांनी चौसर म्हटलंय. आमच्यातले बरेच गाईड सारीपाट म्हणतात. नाव काहीही घ्या, खालच्या पट्टीत बघायला विसरू नका. तिथं नंदी आहे आणि त्याच्याभोवती बुटके गण. बर्जेसनं ते मोजलेत, तेरा आहेत. मी भाच्याला मोजायला लावलं. झिजलेल्या दगडात एकेक डोकं शोधत त्यानं बारा मोजले, तेरावा मी दाखवला.

"हा नंदी इथं खाली काय करतोय?" त्यानं विचारलं.

हेच विचारायला हवं. हा प्रसंग वेरूळला आणखीही कोरलेला आहे, २१ नंबरच्या रामेश्वर लेण्यात आहे, २९ नंबरच्या धुमार लेण्यातही आहे. रामेश्वरातले गण नंदीला चक्क छळताहेत. अभ्यासक म्हणतात, नंदी पणाला लागला आणि गेला, आता तो जिंकणाऱ्या पक्षाचा. डाव कोण जिंकतंय हे वरच्या दोघांच्या चेहऱ्यांवरून कळत नाही, ते कळतं खालच्या बैलाच्या हालांवरून. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन या दोघांनी शिवाच्या या द्यूतावर १९९७ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात वेरूळच्या शिल्पांचीही चर्चा आहे.

आईची लंगोटीची गोष्ट स्कंदपुराणात आहे. नारद कैलासावर येतो आणि काडी लावतो, त्यावरून डाव सुरू होतो. दागिने जातात, डोक्यावरची चंद्रकोर जाते. भृंगी मालकाची बाजू घेऊन भांडतो. शेवटी कौपीनही जातं. महादेव रागावून रानात निघून जातो, आणि पार्वती भिल्लिणीचं रूप घेऊन त्याला परत आणते. ही भिल्लीण आपल्याकडे आयाबायांना तोंडपाठ असते. आमच्या आईनं काही स्कंदपुराण वाचलेलं नाही.

आता त्याच भिंतीवर दोन पावलं पुढे चला. मधला तांडवाचा पट सोडला, की रावण कैलास हलवतोय. वीस हात, दहा तोंडं, सगळा जोर डोंगराखाली. वर शंकर निवांत, पायाच्या अंगठ्यानं डोंगर दाबतोय. हिट पॉइंटच काढायचे, तर या पटावरून काढता येतील. वीस हात विरुद्ध एक अंगठा. भाचा इथं खूश झाला, वही काढायला लागला. मी म्हटलं, "थांब. हा अंगठेवाला आणि तो लंगोटी गमावणारा, एकच की दोन?"

वही पिशवीत परत गेली.

मला इतक्या वर्षांत या भिंतीनं हेच शिकवलं. आपल्या जुन्या लोकांना देवाचं बळ ठाऊक होतं, पण डावात बसवताना त्यांनी ते बळ दाराबाहेर ठेवायला लावलं. फासा पडला तर पडला. डोंगर दाबणारा अंगठा फाशावर चालत नाही. तिथं पार्वती आणि शंकर बरोबरीचे, आणि दोघांच्या वर खेळाचा नियम.

शेजारच्या १५ नंबरच्या दशावतार लेण्यात याचीच दुसरी बाजू दिसते. नरसिंह हिरण्यकशिपूवर तुटून पडलाय. वर काय मिळाला होता? माणसाकडून नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. भाचा म्हणाला, "मामा, आमच्यातही असा एकजण आहे. नियमांचं पुस्तक घेऊनच बसतो." तसंच. विष्णूला तो वर रद्द करता आला असता. गोष्टीत तो तसं करत नाही. अक्षरन् अक्षर पाळून फट शोधतो आणि तिन्हीसांजेला उंबरठ्यावर येतो. त्याच लेण्यात त्रिविक्रमही आहे. तिथंही बळीकडे तीन पावलं मागितली आणि तीनच घेतली.

परतीच्या वाटेवर दौलताबाद लागलं. तोच देवगिरी. तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री यानं इथं बसून 'चतुर्वर्गचिंतामणि' हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ केला, त्यात व्रतांचा एक मोठा खंड आहे. आपल्या व्रतांच्या परंपरेत फासे खेळण्याला चक्क तिथी नेमून दिलेली आहे. कोजागरीच्या रात्री लक्ष्मी 'कोण जागं आहे' विचारत फिरते, तेव्हा जागायचं ते फासे खेळत. आणि कार्तिक शुद्ध प्रतिपदेला तर नावच द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी पार्वतीनं शंकराला हरवलं, म्हणून त्या दिवशी जो जिंकेल त्याचं वर्ष चांगलं जाईल. हीच बलिप्रतिपदा, आपला दिवाळीचा पाडवा. एकाच तिथीला दोन गोष्टी. एकीत देव नियम पाळून जिंकतो, तर दुसरीत नियम पाळूनच हरतो. आणि ओवाळताना आपण राज्य मागतो ते हरलेल्या बळीचं.

पुढे पत्ते आले. १५२७ मध्ये बाबरानं सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आठवणींत आहे. अकबराच्या दरबारातल्या गंजिफ्याचं वर्णन अबुल फजलनं 'आईन-ए-अकबरी'त केलंय. त्यात बारा रंग, आणि त्या बारांत एक सुरपती, एक असुरपती. सुरपतीचा राजा इंद्र, असुरपतीचा राजा दाऊदचा मुलगा सुलेमान. देव आणि दानव एकाच जोडात, बरोबरीचे.

आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकूण १२० गोल पत्ते. लाखेचे, चिताऱ्यांनी हातानं रंगवलेले. ही कला मोडत आली होती, ती १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात पुन्हा उभी केली. माझ्याकडे यातले चार पत्ते आहेत, त्यात मत्स्याचा राजा आहे. भाच्याला दाखवले आणि नियम सांगितला. प्रत्येक रंगात राजा मोठा, मग प्रधान. पण त्यापुढे पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत उलटं, एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत लहान. पहिली उतारी कुणाची? दिवसा खेळत असाल तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याची, रात्री कृष्णाचा. रामनवमीला जन्म भर दुपारी, गोकुळाष्टमीला मध्यरात्री, हे पोरासोरांना ठाऊक, म्हणून वेगळं पाठ करायला नको. म्हणजे इथंही पायऱ्या आहेत, नाही असं नाही. पण सूर्य मावळला, की मान दुसऱ्याकडे जातो आणि त्यावर कुणी रुसत नाही.

एक गोष्ट राहिली, ती याच मुलखातली म्हणून सांगतो. महानुभावांचे चक्रधरस्वामी पैठणला राहिले, वेरूळलाही त्यांचा मुक्काम झाला. पंथाच्या लेखी ते साक्षात परमेश्वराचे अवतार. त्यांच्या पूर्वायुष्याची पंथातलीच कथा अशी, की भडोचला हरपाळदेव असताना त्यांना जुगाराचा नाद होता. एकदा भरपूर हरले, देणं फेडायला बायकोचे दागिने मागितले, तिनं दिले नाहीत. तिथून विरक्ती आली आणि ते घर सोडून निघाले. भक्तांनी ही हार लपवली नाही. संन्यासाची वाटच तिथून दाखवली.

त्या रात्री भाच्यानं महादेवाचं पान लिहिलं. हिट पॉइंटच्या रकान्यात रेघ मारली. खाली मला विचारून चार ओळी लिहिल्या: याच्याशी लढता येत नाही. याच्यासमोर फासे टाकता येतात. हा नियम मोडत नाही. हा हरू शकतो. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "नंदीचं लिही." मग पाचवी ओळ नंदीची झाली. पुढच्या रविवारी त्याच्या मित्रांनी तलवारी खाली ठेवल्या आणि तीन तास महादेवाबरोबर फासे खेळले. कोण जिंकलं ते त्यानं मला सांगितलेलं नाही.

तुम्ही येणार असाल तर मंगळवार टाळा, त्या दिवशी वेरूळची लेणी बंद असतात. सगळे कैलासात गर्दी करतात, तुम्ही दुपारी तीननंतर १४ नंबरला जा. उजव्या भिंतीवरचा दुसरा पट. आधी खालची पट्टी बघा, गण मोजा, मग मान वर करा.