उडत्या सरीसृपांची मोडकी हाडे

ज्या दगडावर शिळाछापाची कला उभी राहिली, तो बारीक कणांचा चुनखडक बव्हेरियाच्या मुलखात झोल्नहोफेन व आइखश्टेट या गावांभोवतीच्या खाणींतून निघतो. आणि त्याच दगडाच्या पदरांत सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या उडत्या सरीसृपांचे, म्हणजे टेरोसॉरांचे, अवशेष जपले गेले आहेत. मानहाइमच्या दरबारी संग्रहातील असा एक सांगाडा कोझिमो कोलिनी याने 1784 साली प्रथम वर्णिला आणि तो बहुधा जलचराचा असावा असा कयास केला. पुढे 1801 साली कुव्हिए या फ्रेंच पंडिताने कोलिनीने छापलेल्या चित्रावरूनच हा उडणारा सरीसृप होय, असा निकाल दिला.

त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासकांची दृष्टी शाबूत सांगाड्यांवर खिळून राहिली, आणि ते स्वाभाविकही होते, कारण जाती ठरवू पाहणाऱ्याला मोडके हाड म्हणजे अडचणच. परंतु शाबूत हाड जातीची हकीकत सांगते, तर एकट्या जिवाची कैफियत मोडलेल्या हाडातच वाचावी लागते. टेरोसॉरांची हाडे आतून पोकळ, भिंतीने अत्यंत पातळ. अस्थिभंगानंतर प्राणी जगला तर मोडीच्या जागी नव्या अस्थीची गाठ बांधली जाते, आणि ती वेडीवाकडी बसली तरी तो दुखापतीतून वाचल्याचा तोच दाखला ठरतो. बेनेट या अमेरिकन अभ्यासकाने 2003 साली मोठ्या जातींतील विकृतींचा जो आढावा घेतला, त्यात असे सांधलेले अस्थिभंग आहेत, तशीच सांध्यांची झीजही आहे.

याहून हृदयस्पर्शी पुरावा 2025 साली लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे आणला. झोल्नहोफेनच्याच दगडातील टेरोडॅक्टिलस या टेरोसॉराची ही दोन पिल्ले, पंखविस्तार वीतभराहून कमी, जन्मून फार तर काही दिवस वा आठवडे झालेली. अतिनील प्रकाशात पाहता एकाच्या डाव्या आणि दुसऱ्याच्या उजव्या दंडाचे हाड तिरकस तुटलेले स्पष्ट दिसते. आदळून नव्हे, तर वादळी वाऱ्याने पंख पिरगळल्याने असा भंग होतो, असे संशोधकांचे म्हणणे आहे. मोडीवर सांधल्याची खूण नाही, म्हणजे पिल्ले खाऱ्या पाण्यात पडली, बुडाली आणि चुन्याच्या चिखलाने लगोलग झाकली गेली. अवघ्या काही क्षणांचा हा प्रसंग इतक्या दीर्घ काळानंतर दंडाच्या एका चिरेवरून वाचता यावा, याहून या विद्येचे मोठे श्रेय मला दिसत नाही.

शत्रूच्या खुणा मात्र दुर्मीळ आहेत. अमेरिकेतील कॅन्ससच्या खडूच्या थरांतून मिळालेल्या टेरानोडॉन या टेरोसॉराच्या 1,100 हून अधिक नमुन्यांपैकी अवघ्या सातांवर दुसऱ्या प्राण्याने खाल्ल्याच्या वा चावल्याच्या खुणा नोंदल्या गेल्या आहेत. त्यांपैकी एकाच्या मानेच्या मणक्याशी शार्कचा 24 मिलिमीटर लांबीचा दात अडकलेला आहे. 1960 च्या दशकात खणून काढलेला तो सांगाडा लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आहे, आणि दात त्याच मणक्याला बिलगून आहे.